पावाने रंगीत मासे जगत नाहीत

मालवणच्या सहलींचा हंगाम आला की व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरू लागतो: ‘स्नॉर्कलिंगला जाताना पाव न्या. रंगीत मासे हातातून खातात. त्यांचं पोट भरतं, ते खडकाजवळ टिकून राहतात. पाव विरघळतो, कुणाला इजा नाही.’ यातलं एवढंच खरं, की मासे येतात.

पोट भरतं, पण मैद्याने. पोपट मासा चोचीसारख्या दातांनी खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. पावाने पोट भरलं तर शेवाळ तसंच राहतं, आणि शेवाळाने झाकलेल्या खडकावर पोवळ्याच्या अळ्यांना रुजायला जागा उरत नाही.

‘टिकून राहतात’ हे सर्वांत फसवं. झुंबड करणारे बहुतेक मासे एकाच धीट जातीचे, सार्जंट मेजर: पिवळसर पाठ, अंगावर पाच काळे पट्टे. याची मादी खडकावर जांभळट अंड्यांचा थर चिकटवून निघून जाते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत राखण नराची. तेव्हा त्याचा रंग निळसर, गडद होतो आणि जवळ येणाऱ्यावर तो धावून जातो. हा नर पावामागे गेला, तर टपलेले मासे तेवढ्यात अंडी फस्त करतात. म्हणजे आज दिसणारी गर्दी पुढच्या पिढीच्या जिवावर.

विरघळलेला पाव नाहीसा होत नाही. लगदा कपारीत बसतो, कुजतो, तिथला प्राणवायू खातो आणि शेवाळाला खत पुरवतो. एका पावाने काही बिघडत नाही हे मान्य. पण होड्या रोज त्याच खडकांवर थांबतात. 1987 पासून सागरी अभयारण्य असलेल्या या किनाऱ्यावर पाणी मुळातच गढूळ, पोवळ्यांना ऊन जेमतेम मिळतं. त्यात ही भर कशाला?

पाव न टाकताही मासे दिसतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत, अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस धरा. उधाणापेक्षा ओढ कमी, म्हणून गाळही कमी उठतो. वारा पडलेला असतो तेव्हा, सकाळीच उतरा. पोटावर आडवे तरंगा, हात छातीशी, पाय स्थिर. खडकावर उभं राहू नका. पावलाखाली जिवंत पोवळं चिरडतं. तीन-चार मिनिटं हालचाल केली नाही की कपारीत शिरलेले मासे पुन्हा चरायला बाहेर येतात. नावाड्याला मात्र होडीत बसतानाच सांगा, ‘दादा, पाव नको’. पाण्यात उतरल्यावर सांगेपर्यंत पुडा फुटलेला असतो.