लाजो काय सांगत होती

सांगलीच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर जुंपली आहे. कुणीतरी राजिंदरसिंग बेदींची ‘लाजवंती’ ही फाळणीवरची उर्दू कथा या महिन्यात वाचू या म्हणालं. त्यावर एका डॉक्टर मित्राने निकालच दिला: फाळणीच्या या कथा आपल्याच बायकांची अब्रू चव्हाट्यावर आणतात. खाली अंगठेच अंगठे.

रात्रपाळी उरकून इथे इंग्लंडात लेस्टरला घरी येऊन हे वाचलं की डोकं फिरतं. अरे, कथा वाचलीस तरी का? लाजवंतीला पळवणारा जुम्मा कथेत नावापुरता. कथा आहे तिच्या नवऱ्याची, सुंदरलालची, म्हणजे आपल्या बाजूच्या घरातली. पळवलेल्या बायकांना मनात जागा द्या म्हणत तो प्रभातफेऱ्या काढतो. त्याची लाजवंती, म्हणजे लाजो, परत येते. पूर्वी तिला बडवणारा हा गडी आता तिला देवी म्हणतो आणि ती बोलू लागली की ‘जाऊ दे झालं ते, तुझा काय दोष’ म्हणून गप्प करतो. तिला तर गाजरावरून भांडणारी नि मुळ्यावर खूश होणारी जुनी लाजोच व्हायचं होतं.

सरकारचीही तीच तऱ्हा. १९४९च्या कायद्याने पळवलेल्या बायका शोधून परत पाठवायच्या ठरल्या. जायचंय का, हे त्यांना विचारायची तरतूदच नव्हती. अमृता प्रीतमच्या ‘पिंजर’ कादंबरीतली पूरो मात्र भाऊ समोर असताना तिला पळवणाऱ्या रशीदकडेच राहते. तिला काय म्हणणार, डॉक्टर?

आमच्या लायब्ररीत उर्दू नि पंजाबी पुस्तकं शेजारी असतात, कुणी नाक मुरडत नाही, असं मी ग्रुपवर ऐटीत लिहिलं. २०२२च्या सप्टेंबरात याच गावात हिंदू-मुस्लिम पोरं एकमेकांवर धावून गेली आणि मी आठवडाभर बेलग्रेव्ह रोड टाळला, ते नाही लिहिलं.

बीजींचंही नाही लिहिलं. शेजारच्या, रावळपिंडीकडच्या, नव्वदीला टेकलेल्या. मी त्यांचा कचऱ्याचा बिन बाहेर काढून देतो, त्या पराठे देतात. एकदा फॉइल गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, “साडे पिंड विच इक खू सी...” खू म्हणजे विहीर; गावातली विहीर म्हटल्यावर मला उमगलं. मार्च १९४७मध्ये रावळपिंडीकडच्याच थोहा खालसा गावात बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या होत्या. भीष्म सहानींच्या ‘तमस’ कादंबरीतही तसा प्रसंग आहे.

“जाने दो बीजी, पुरानी बातें,” मी म्हणालो.

त्यांनी फॉइलच्या कडा दाबून बसवल्या. मग विचारलं, बिन उद्या की परवा?