जुने प्रोजेक्ट आणि नवे सिंथ : आपल्या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण दिलेला एक ताऱ्याचा अभिप्राय आम्ही लक्षपूर्वक वाचला. हे उत्तर इतरांच्याही वाचनात येईल, म्हणून आपली तक्रार आधी थोडक्यात नमूद करतो. आमच्याकडून नवा संगणक, क्यूबेस या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणि त्यात वाजणाऱ्या सिंथ प्लगइनच्या, म्हणजे संगणकातील इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या, नव्या आवृत्त्या बसवून घेतल्यावर आपण २०१४ पासूनचे भक्तिगीतांचे आणि नाटकांच्या पार्श्वसंगीताचे प्रोजेक्ट उघडून पाहिले. तेव्हा काही ट्रॅकवर प्लगइन सापडत नसल्याची सूचना आली, काहींचा आवाज बदललेला आढळला आणि एका अभंगातील पॅड (सिंथचा लांबलेला पार्श्वस्वर) गायिकेच्या आवाजाशी चक्क बेसूर वाजू लागला. त्यावरून आपण लिहिले आहे की, ‘दहा वर्षांचे काम यांनी पुसून टाकले, आणि आधी काही सांगितलेही नाही.’

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. आपले काहीही पुसले गेलेले नाही. नव्या संगणकावर आम्ही प्रोजेक्टच्या प्रती ठेवल्या. मूळ फाइली जुन्या संगणकात जशाच्या तशा आहेत, आणि तो संगणक त्यातील जुन्या क्यूबेससह व जुन्या प्लगइनसह आपल्याच ताब्यात आहे.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये गायिकेचा आवाज, तबला, बासरी हे सारे ध्वनिमुद्रण म्हणून साठवलेले असते आणि ते कुठल्याही संगणकावर तसेच वाजते. सिंथच्या ट्रॅकचे तसे नसते. तेथे फक्त स्वरांची नोंद, कोणता प्लगइन वाजवायचा याची ओळख आणि त्या प्लगइनची बटणे कुठे फिरवून ठेवली होती याचा एक बंदिस्त गठ्ठा एवढेच असते. हा गठ्ठा ज्या प्लगइनने बांधला त्यालाच तो सोडवता येतो, क्यूबेसला त्यातले काही कळत नाही. नाटकाच्या संहितेत संवाद असतात, नटाचा आवाज नसतो, तसेच हे आहे. प्लगइन बदलला की तीच संहिता दुसऱ्या नटाच्या हाती जाते.

‘प्लगइन सापडत नाही’ या सूचनेमागे आपल्या बाबतीत तीन निरनिराळी कारणे आहेत. पहिले म्हणजे, आपले काही जुने सिंथ केवळ ३२-बिट (संगणकाच्या जुन्या पद्धतीचे) आहेत आणि त्यांच्या निर्मात्यांनी ६४-बिट आवृत्ती कधी काढलीच नाही. क्यूबेसने डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून ३२-बिट प्लगइन घेणे बंद केले. दुसरे कारण प्लगइन क्यूबेसशी जोडण्याच्या व्हीएसटी-२ आणि व्हीएसटी-३ या दोन पद्धतींतील फरकाचे आहे. क्यूबेसची निर्माती कंपनी स्टाइनबर्गने व्हीएसटी-३ हे २००८ मध्ये आणले आणि २०१८ मध्ये व्हीएसटी-२ साठी नवे परवाने देणे थांबवले, त्यामुळे अनेक सिंथच्या नव्या इन्स्टॉलरमध्ये आता व्हीएसटी-२ ची फाइल येतच नाही. या दोन पद्धतींत प्लगइनची ओळखही वेगळ्या रीतीने लिहिली जाते : जुन्या पद्धतीत चार अक्षरांचा संकेत, नव्या पद्धतीत १२८ बिटांचा क्रमांक. ‘मी त्याच जुन्या प्लगइनचा वारस आहे’ असे निर्मात्याने नव्या आवृत्तीत नोंदवले असेल, तर क्यूबेस आपणहून नवा प्लगइन जुन्याच्या जागी बसवतो आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आपले बरेचसे ट्रॅक याच मार्गाने विनातक्रार उघडले. ज्या निर्मात्याने तशी नोंद केलेली नाही, त्याचा सिंथ संगणकात असूनही हरवलेला दिसतो.

तिसरे कारण कॉन्टॅक्टचे, म्हणजे खऱ्या वाद्यांचे मुद्रित स्वर (सॅम्पल) वाजवणाऱ्या प्लगइनचे. कॉन्टॅक्ट ५, ६ आणि ७ हे क्यूबेसच्या लेखी स्वतंत्र प्लगइन आहेत, त्यामुळे पाचव्या आवृत्तीत केलेले गाणे सातवी आवृत्ती आपणहून हाती घेत नाही. आपण याला सदोष रचना म्हटले आहे. येथे आमचे मत वेगळे आहे. नवी आवृत्ती वेगळ्या नावाने शेजारी बसते, तेव्हा जुनी काढून टाकण्याची सक्ती नसते आणि जुने गाणे जुन्याच वाद्यावर वाजवता येते. जुन्या सिरमच्या शेजारी सिरम २ आणि मॅसिव्हच्या शेजारी मॅसिव्ह एक्स हे सिंथही असेच नांदतात. खरा धोका आहे तो त्याच नावाने, त्याच जागी मुकाट्याने बदलणाऱ्या प्लगइनचा, कारण तेथे सूचना येत नाही आणि बदललेला आवाज कित्येकदा गाणे बाहेर गेल्यावर लक्षात येतो.

आपल्या दुसऱ्या तक्रारीचे मूळ तेथेच आहे. नाटकाच्या प्रवेशात फिल्टर (आवाजातील तीव्र अंश गाळणारा भाग) हळूहळू उघडत जायला हवा, त्याऐवजी आवाज कर्कश होत जातो, असे आपण लिहिले आहे. व्हीएसटी-२ मध्ये प्लगइनचे प्रत्येक बटण अनुक्रमांकाने ओळखले जाते. निर्मात्याने नव्या आवृत्तीत मध्येच एक बटण वाढवले तर पुढचे सारे क्रमांक एकेक घर सरकतात आणि कटऑफसाठी (फिल्टर किती उघडावा हे ठरवणाऱ्या बटणासाठी) काढलेली ऑटोमेशनची, म्हणजे बटण आपोआप फिरवणारी, रेषा रेझोनन्सचे (आवाजाला धार देणारे) बटण फिरवू लागते. ती रेषा योग्य बटणावर नेऊन ठेवली की काम होते. मात्र ‘आवाज पूर्वीसारखा भरीव नाही’ ही तक्रार एवढ्याने मिटेलच असे नाही. काही निर्माते नव्या आवृत्तीत फिल्टरची मूळ घडणच बदलतात. शिवाय जुन्या अॅनालॉग धाटणीच्या अनेक सिंथमध्ये ऑसिलेटर (स्वराची लहर निर्माण करणारा भाग) प्रत्येक स्वराला वेगळ्या बिंदूपासून सुरू होतो, त्यामुळे त्याच आवृत्तीतून दोनदा काढलेले दोन बाउन्ससुद्धा (ऑडिओत उतरवलेल्या प्रती) एकमेकांना तंतोतंत रद्द करत नाहीत. एका प्रतीची फेज (लहर) उलटी करून तुलना केली आणि शांतता मिळाली नाही, एवढ्यावरून अपग्रेडला दोष देता येणार नाही.

आता त्या अभंगाबद्दल, कारण आपल्या लिहिण्यातली व्यथा तेथे सर्वांत अधिक जाणवते आणि ती रास्त आहे. गायिका शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या सुरातून घेते, म्हणजे षड्जापासून साधारण ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे कीबोर्डच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग). कीबोर्डच्या समान विभागणीत तोच गंधार ४०० सेंटवर असतो. शुद्ध धैवताच्या बाबतीत हे अंतर साधारण १६ सेंटचे होते. आपण त्या वेळी पॅडच्या सिंथला स्वरांतरांची एक छोटी ट्यूनिंग फाइल जोडली होती, म्हणून तो आवाजाशी एकजीव झाला होता. हा सिंथ ती फाइल प्रोजेक्टमध्ये साठवत नाही, स्वतःच्या एका फोल्डरमधून नावाने वाचतो. प्रोजेक्ट नव्या संगणकावर आला, पण त्या फोल्डरमधील आपण स्वतः ठेवलेली फाइल जुन्याच संगणकात राहिली. फाइल न मिळाल्यामुळे सिंथ निमूटपणे समान विभागणीवर परतला. ती फाइल त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवून प्रोजेक्ट पुन्हा उघडा, गंधार जागेवर येईल.

‘आधी सांगितले नाही’ याबाबत इतकेच नमूद करतो की, दरपत्रकासोबत दिलेल्या मराठी सूचनापत्रात अपग्रेडपूर्वी प्रत्येक सिंथ-ट्रॅक जुन्या संगणकावरच ऑडिओत उतरवून ठेवावा आणि जुना संगणक किमान काही महिने तसाच ठेवावा, असे लिहिलेले आहे. आपल्या हाती तेव्हा चालू नाटकाचे काम होते आणि वेळ नव्हता हे आम्ही जाणतो. तो वेळ आताही काढता येईल.

जुना संगणक इंटरनेटला न जोडता सुरू करावा, म्हणजे त्यावरील काहीही आपोआप अद्ययावत होणार नाही. आपले जुने क्यूबेस यूएसबी डोंगलशिवाय (परवाना साठवलेल्या छोट्या किल्लीशिवाय) उघडत नाही, तेव्हा नव्या आवृत्तीला डोंगल लागत नाही म्हणून तो कुठेतरी टाकून देऊ नये. प्रत्येक गाण्यात ऑडिओ मिक्सडाउनच्या खिडकीतून चॅनल बॅच एक्स्पोर्ट (अनेक ट्रॅक एकदम उतरवण्याची सोय) निवडून सर्व सिंथ-ट्रॅक गाण्याच्या अगदी आरंभापासून २४-बिटमध्ये उतरवावेत, म्हणजे नव्या प्रोजेक्टमध्ये ते लय न चुकता जागेवर बसतील. शक्य असल्यास इफेक्टसह एक आणि इफेक्टविना एक, अशा दोन प्रती घ्याव्यात. कॉन्टॅक्टच्या ट्रॅकवर पाचव्या आवृत्तीतून मल्टी (सर्व वाद्यांची एकत्र मांडणी) म्हणून साठवण करावी, ती मल्टी सातव्या आवृत्तीत उघडता येते. सॅम्पल सापडत नसल्याची खिडकी आली तर घाबरू नये. जुन्या संगणकात लायब्ररी डी ड्राइव्हवर होती, नव्यात त्या डिस्कला ई हे अक्षर मिळाले आहे. तेच अक्षर पुन्हा दिले की बहुतेक प्रश्न सुटतो. आणि नव्या संगणकावर सूचना दाखवणारा कुठलाही प्रोजेक्ट मूळ नावाने सेव्ह करू नये, नेहमी वेगळे नाव द्यावे.

केवळ ३२-बिट असलेल्या सिंथसाठी जेब्रिजसारखा, म्हणजे ३२-बिट प्लगइन ६४-बिट सॉफ्टवेअरमध्ये चालवणारा, दुवा लावून पाहता येतो. चालू कामासाठी आम्ही तो सुचवत नाही, कारण ताण वाढला की तो दगा देऊ शकतो, पण एकदा आवाज उतरवून घेण्यापुरता उपयोगी पडतो.

हे सर्व आपल्याला एकट्याने करावे लागू नये असे आम्हाला मनापासून वाटते. जुना संगणक, डोंगल आणि लायब्ररीची डिस्क घेऊन आपण स्टुडिओत यावे. अभंगाचा प्रोजेक्ट आपल्यासमोर बसून आधी लावू, मग नाटकांचे घेऊ. या कामाचे वेगळे शुल्क आकारले जाणार नाही. तोपर्यंत जुना संगणक कृपया कुणाला देऊ नये आणि त्याची डिस्क फॉरमॅट करू नये, एवढी विनंती.

आपला,
संचालक