‘घरात बसून रॅम्प मोजणारे’ या प्रतिक्रियेला उत्तर

शहराच्या सुगम्यता आराखड्यावरच्या, म्हणजे अपंगांच्या वाटेतले अडथळे कसे काढायचे त्या योजनेवरच्या, माझ्या लेखाखाली ‘एक वाचक’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचा गोषवारा असा: आराखडे म्हणजे कागदी घोडे, आधी रॅम्प बांधा. रॅम्पच्या उताराबद्दलचं माझं वाक्य चुकलंय. कर्णबधिर आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना लेखात जागाच नाही. देखभालीच्या पैशांबद्दल चकार शब्द नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘ज्यांना पायऱ्या कधी आडव्या आल्या नाहीत, त्यांनी घरात बसून रॅम्प मोजू नयेत.’

आपण वेळ काढून वाचलंत, लिहिलंत, त्याबद्दल आभार. मतभेदाला माझी ना नाही. पण ‘घरात बसून’?

माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. पुढची नऊ वर्षं तिची व्हीलचेअर मी ढकलली. एका कार्यालयात दरवर्षी तिला स्वतः जाऊन सही करावी लागे. तिथे रॅम्प होता. नवा कोरा, दोन्ही बाजूंना कठडे, वर निळी पाटी. पण रॅम्पपर्यंत पोचायचं कसं? रस्त्यावरून फुटपाथवर चढायला उतार नव्हता आणि दुचाक्या घुसू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधून खुर्ची जात नव्हती. शेवटी रखवालदार, मी आणि रस्त्यावरचे दोघं, अशा चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं. ‘कपाट हलवताय का रे?’ ती म्हणाली. ती हे हसत म्हणाली, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. ती हसत नव्हती.

त्या दिवशी मी खांबांमधलं अंतर वितीने मोजलं. भर उन्हात, रस्त्यावर. तेव्हा मोजण्याबद्दल मला कुणी शिकवू नये.

बरं, पायऱ्या ज्याला आडव्या येतात त्यानेच बोलावं, हा नियम तरी कुठला? अंधांना पायाखाली वाट सांगणारी उंचवट्यांची फरशी सेइइची मियाके या जपानी गृहस्थांनी 1965 मध्ये शोधली. दृष्टी अधू होत चाललेल्या एका मित्रासाठी. स्वतः ते डोळस होते. 1967 मध्ये ती ओकायामाच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसली आणि आज जगभर आहे. त्यांनाही ‘तुम्हाला काय कळतंय’ असं कुणी ऐकवलं असतं तर? आणि तुम्ही स्वतः व्हीलचेअर वापरता की नाही, हे तुमच्या प्रतिक्रियेत मला कुठे दिसलं नाही. विचारत नाही, फक्त नोंदवतो.

आता ते कागदी घोडे. वर सांगितलेला रॅम्प कुणीतरी तुमच्याच सल्ल्याप्रमाणे ‘आधी’ बांधला होता! आराखडा असता तर दारापासून नव्हे, बसथांब्यापासून सुरुवात झाली असती. अमेरिकेत 1990 चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आला तेव्हा 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या स्थानिक संस्थांना, बांधकामात बदल करावे लागणार असतील तर, लेखी आराखडा सक्तीचा झाला. मुदत होती 26 जुलै 1992. त्यात काय हवं? अडथळे कुठे आहेत, ते कसे काढणार, कधी काढणार, आणि जबाबदार अधिकारी कोण. हा चौथा रकाना मला फार आवडतो, कारण एरवी आपल्याला भेटतं ते फक्त खातं. खात्याला जाब विचारता येत नाही. (याच नियमांत अपंगांना आणि त्यांच्या संघटनांना म्हणणं मांडू द्यावं अशीही अट आहे. लेखात ती राहिली. मला माहीत नव्हती असं नाही.)

फुटपाथ या कायद्यात येतच नाहीत, असं अमेरिकेतल्याच सॅक्रमेंटो शहराचं म्हणणं होतं. फुटपाथ हीसुद्धा शहराची सेवाच आहे, असं 2002 मध्ये अपील न्यायालयाने ठणकावलं. पुढे तडजोडीत शहराने वाहतूक निधीतला 20 टक्के वाटा 30 वर्षांपर्यंत फुटपाथांवरचे अडथळे काढायच्या कामाला द्यायचं कबूल केलं. कागदी घोड्याची मजल बरीच म्हणायची. तुम्हाला पैशांबद्दल शब्द हवा होता ना, हा घ्या. देखभालीचा विषय वेगळा आणि मोठा आहे, इथे त्याचा काला करत नाही. कर्णबधिरांचं म्हणाल तर लेख रस्त्यांवर होता, एका लेखात सगळं मावत नाही.

उताराचं मात्र तुमचं बरोबर. 1:12 या उताराला, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, मी ‘आदर्श’ म्हटलं. तो आदर्श नाही, कमाल मर्यादा आहे. त्याहून सौम्य तेवढा चांगला. त्यातही अमेरिकी मानकांनुसार एका दमात साधारण 76 सेंटिमीटर उंचीच चढायची, मग सपाट विसावा. म्हणजे जेमतेम नऊ मीटरचा रॅम्प. तेवढं ढकलताना मला धाप लागायची, हे मी कसा विसरलो कोण जाणे. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत चढणाऱ्याचं काय होत असेल, हे तुम्ही दोन ओळींत लिहिलं आहे. ते वाचलं.

लेखातलं वाक्य आजच बदललं. दुरुस्तीखाली श्रेय द्यायचं होतं, पण ‘एक वाचक’ला काय श्रेय देणार?