वर्गणीचं शास्त्र: खान्देशी कार्यकर्त्यांसाठी

केळीला भाव असो की नसो, श्रावण लागला की यावल-रावेरकडे पावतीपुस्तकं बाहेर निघतातच. पण तुम्ही अजून माणसाची ऐपत बघून वर्गणी मागत असाल, तर मंडळाचं काही खरं नाही. ऐपत, श्रद्धा, शेजारधर्म, सगळं गुंडाळून ठेवा आणि जिभेकडे लक्ष द्या. मानसशास्त्र-अर्थशास्त्रातले प्रयोग तुमच्या पाठीशी आहेत.

२००४ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना पैशांचा एक खेळ दिला. काहींना त्याचं नाव सांगितलं ‘वॉल स्ट्रीट’चा (म्हणजे न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा) खेळ, काहींना ‘समाजा’चा. नियम तेच, पैसे तेच. ‘समाज’ ऐकलेल्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश पोरं सहकार्याने वागली, ‘वॉल स्ट्रीट’वाली जेमतेम एक-तृतीयांश. म्हणून जळगावच्या सराफ बाजारात गेलात तर धंद्याची चौकशी चुकूनही करू नका. थेट ‘गावचं कार्य’ काढा.

त्याआधी १९७६ मध्ये सियाल्डिनी आणि श्रोडर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कर्करोग संस्थेसाठी दारोदार मागून पाहिलं. ‘एक पेनी (डॉलरचा शंभरावा भाग) दिली तरी मदतच’ एवढं जोडल्यावर देणारे २९ वरून ५० टक्क्यांवर गेले, आणि गंमत म्हणजे रक्कम नेहमीचीच. आपल्याकडे हे काम ‘तुमनी खुशी, भाऊ’ करतं. फक्त हे म्हणताना पुस्तक शेजारच्या आप्पांच्या ५०१ च्या स्थळप्रतीवर उघडं धरा. अंगठा तारखेवर ठेवा, आकड्यावर नको.

तरीही दार लावून घेणारे असतातच. त्यांच्यासाठी २०१९ चा काप्रारो आणि वान्झो या संशोधकांचा प्रयोग. अर्धा डॉलर एक तर स्वतः ठेवायचा, नाही तर समोरच्याला द्यायचा. (अर्ध्या डॉलरमध्ये धड शेवभाजीही येत नाही, पण शास्त्राचं बजेट तेवढंच.) त्याच व्यवहाराला निरनिराळे शब्द लावून पाहिले. ठेवून घेण्याला ‘चोरणं’ म्हटलं की भल्याभल्यांचा हात सैल सुटला. तेव्हा ‘वर्गणी दिली नाही’ असं बोर्डावर लिहू नका. ‘देवाचे ठेवून घेतले’ असं लिहा, आणि बोर्ड पारावर लावा.

हिशेबाच्या बाबतीत मात्र त्या प्राध्यापकांनीच आपल्याकडे शिकायला यावं. हिवाळ्यात कुणाच्या तरी मळ्यात बामणोदची वांगी भाजली जातात, कळण्याच्या भाकरी येतात. त्या दिवसाची नोंद ‘आढावा बैठक’. वांगी ‘साहित्य’मध्ये, तेल ‘दिवाबत्ती’त. एखाद्या नानांनी फारच खोदून विचारलं, तर पुढच्या वर्षी त्यांना ‘मार्गदर्शक’ करून टाका.