लटकंती

दहा वर्षांच्या मुलीला एकही पुल-अप मारता येत नाही, यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीतल्या एकालाही तो येत नाही. फरक एवढाच, की त्यांना बागेत नेऊन चारचौघांसमोर कुणी विचारत नाही. सईला विचारलं. महापालिकेच्या उद्यानात ओपन जिम झाली, तिथल्या सिंगल बारवर सी विंगमधल्या अद्वैतने दोन पुल-अप मारले, खाली उडी टाकली आणि हात झटकत म्हणाला, "तुला येतो?" सई लटकली. पाय झाडले, मान ताणली, जीभ बाहेर काढून पाहिली. तसूभरही वर गेली नाही. घरी येऊन तिने जाहीर केलं, की तयारी घरीच होईल आणि बागेत थेट निकाल लागेल.

सईच्या आईने, मेघनाने, दोरीचा मल्लखांब सुचवून पाहिला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नावारूपाला आणली, आपल्याच मातीतली आहे, वगैरे. सईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अद्वैत मल्लखांब करत नाही. पुल-अप करतो."

विषय संपला.

पहिला प्रश्न दांड्याचा. दाराला लावायचे दांडे बाजारात दोन जातींचे मिळतात. एक चौकटीच्या वरच्या कडेवर अडकवायचा. त्यासाठी ती कड भिंतीपासून दोन बोटं पुढे आलेली हवी. आमच्या बिल्डरने चौकट आणि प्लॅस्टर असं काही एका पातळीत आणलंय, की तिथे आंब्याचं तोरणसुद्धा चिकटपट्टीने लावावं लागतं. दुसरा दांडा पिळून लांब करायचा, मग तो चौकटीच्या दोन्ही बाजूंना दाबून बसतो. हा जास्त धोक्याचा, कारण तो बसला आहे असं वाटतं. बाथरूमची चौकट ग्रॅनाइटची, गुळगुळीत. तिचा विचारच सोडून दिला. बेडरूमच्या लाकडी चौकटीत तो बसवला आणि आधी मी लटकून पाहिलं. (बापाने आधी लटकायचं हा नियम मेघनाचा. तिच्या मते माझा विमा आहे.) आता गंमत अशी, की लटकलं की मनगटं किंचित वळतात, मनगटांबरोबर दांडाही वळतो, आणि ज्या अंगाला पिळून तो घट्ट केला त्याच्या उलट अंगाला वळला, तर तो आपोआप आखूड होत जातो. ही यंत्रणा मला चटईवर पडल्या पडल्या संपूर्ण समजली.

शेवटी सुतार बोलावला. पॅसेजच्या दोन्ही भिंतींत त्याने लाकडी ठोकळे स्क्रूने आवळले आणि त्यात एक इंची जीआय पाइप घातला. "साहेब, आता म्हैस टांगा," म्हणाला. पाइप त्या फोमवाल्या दांड्यापेक्षा बारीक निघाला, हे फार बरं झालं. जाड दांड्याभोवती पोरांची बोटं मिटतच नाहीत, आणि मूठ मिटली नाही की पाठीत कितीही जोर असला तरी हात आधी सुटतात.

पाइप लागला ही बातमी बिल्डिंगभर व्हायला सुताराची पिशवी जिन्यावरून उतरायचा अवकाश. ए विंगमधल्या काकू म्हणाल्या, छान केलंत, लटकल्याने उंची वाढते. बी विंगमधले काका म्हणाले, वेडे आहात का, या वयात जोर लावला की उंची खुंटते. मी दोन्ही मतं एकमेकांतून वजा केली. बाकी शून्य उरली, आणि शास्त्रही साधारण तिथेच आहे. लटकल्यावर पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब घटतो, पण ती उंची उसनी. दिवसभर उभं राहिलं-बसलं की परत जाते. सकाळी उठताना आपण सगळेच सेंटिमीटरभर उंच असतो, म्हणून काही कुणी बारा वाजेपर्यंत बास्केटबॉल खेळत नाही. आणि नीट देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने उंची खुंटते, याला काही आधार सापडलेला नाही. काकांना मी हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो प्रवास फार लांबचा नव्हता, त्यामुळे मी पुढे बोललो नाही.

गुरू मिळाला पार्किंगमध्ये. आमचा वॉचमन सचिन खटावकडचा. सैन्यभरतीला जाऊन आलेला. त्याच्या तोंडी पुल-अप नाही, "बीम". त्याच्या भरतीत दहा बीमला 40 मार्क होते, सहाला 16. "आणि पाचला?" सईने विचारलं. "पाचला एसटी स्टँड," तो म्हणाला. पहिला आठवडा वर जायचा विचारसुद्धा करायचा नाही, नुसतं लटकायचं, हा त्याचा पहिला धडा.

लटकण्याच्या बाबतीत मला स्वतःबद्दल थोडा विश्वास होता. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या माणसाला कडी धरणं शिकवायचं? पण पाइपला लटकल्यावर कळलं, की गाडीत आपण लटकत नाही. तिथे आपल्याला पब्लिक धरून ठेवतं. कडी नुसती हाताला काम म्हणून असते. सई माझ्यापेक्षा जास्त वेळ लटकली. पोरं वजनाला हलकी असतात, त्यांना हा अन्याय्य फायदा मिळतो.

वेळ कोण मोजणार, हा वाद झाला. सई स्वतः मोजायची तेव्हा एक ते वीस हे आकडे एका श्वासात संपायचे. मी मोजलं की "बाबा मुद्दाम हळू मोजतो." मग माझ्या आईने तोडगा काढला: कुकरची शिट्टी होईपर्यंत लटकायचं. निःपक्षपाती पद्धत. पुढे माझ्या लक्षात आलं, की नात लाल व्हायला लागली की आजी गॅस मोठा करते, आणि माझी पाळी आली की मंद.

दुसरा धडा खांद्यांचा. लटकल्यावर खांदे कानांपर्यंत चढतात. कोपर जराही न वाकवता ते खाली ओढायचे. पुल-अपची सुरुवात तिथून होते, म्हणून हे फार महत्त्वाचं. या व्यायामाचा दोष एकच: तो होताना काहीही दिसत नाही. मी सईला करून दाखवत होतो तेव्हा कचरा न्यायला आलेल्या मावशी दारात थांबल्या, माझ्याकडे बघत राहिल्या आणि आईला हळूच म्हणाल्या, "उतरता येईना का त्यांना?"

तिसरा प्रकार चादरीचा. चादरीच्या टोकाला गाठ मारायची, गाठ दाराच्या पलीकडे टाकून दार लावून घ्यायचं आणि अलीकडे दोन्ही हातांनी चादर धरून मागे रेलत अंग वर ओढायचं. दार आपल्या ओढीने चौकटीत आणखी आवळलं जाईल, अशाच बाजूला उभं राहायचं. सई बरोबर बाजूला उभी होती. फक्त आई आतल्या खोलीत आहे, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. तिने कडी काढून दार स्वतःकडे ओढलं. सई पॅसेजमध्ये बसली, चादर मांडीवर. आई म्हणाली, "घडी घालतेयस का? शहाणी गं माझी."

पण खरा मुक्काम चौथ्या प्रकारात होता: उतरणं. हनुवटी पाइपच्या वर ठेवून सुरुवात करायची आणि सावकाश खाली यायचं. जे वजन आपल्याला उचलता येत नाही, ते हळूहळू खाली सोडायला स्नायू तयार असतात. वर चढायची ताकद अशी उतरता उतरता येते. कागदावर फार सुंदर. प्रश्न एवढाच, की पोर दर वेळी वर पोचवायचं कुणी? 30 किलोची सई मी कमरेत धरून वर करायचो, ती पाचच्या संथ लयीत उतरायची, पाय टेकायच्या आत म्हणायची, "परत." शुक्रवारी ऑफिसमध्ये मला माउस ढकलायला डावा हात लागला. मग चढायला स्टूल हवं, असं मी घरात मांडलं. स्टुलावर इस्त्रीचे कपडे होते. सत्यनारायणाचा चौरंग रिकामा होता, पण त्यावर पाय ठेवायचा म्हटल्यावर आईने आमच्याकडे असं पाहिलं, की मी निमूटपणे सईला पुन्हा कमरेत धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सईचे हात खांद्यावर जाईनात. वेणी आजीने घातली, दप्तर मी अडकवलं. उतरण्याच्या व्यायामाने अंग जास्तच दुखतं, ते एक-दोन दिवसांत बसतं, पण "पोरीचे हात मोडलेत दोघांनी" हे वाक्य त्याआधी गुहागरच्या मामांपर्यंत फोनवरून पोचलं होतं. तेव्हा मेघनाने वेळापत्रक करून फ्रिजला चिकटवलं. सोमवार, गुरुवार, शनिवार सराव. बाकीचे दिवस विश्रांती. विश्रांतीच्या दिवशी पाइपला हात लावायचा नाही. त्या दिवशी तिथे ओले टॉवेल वाळतील. या वयात स्नायू फुगत नाहीत. वाढते ती मेंदूची हुकमत, कुठले तंतू कधी ओढायचे ही जाण, आणि तिला मुरायला वेळ लागतो, असं मेघनाचं म्हणणं. बरोबरच होतं. पण घरात कामाला लागलेल्या पोराला "आज काही करू नकोस" म्हणणं कुठल्याही मराठी बापाच्या जिवावर येतं. मी मंगळवारी टॉवेल थोडे बाजूला सरकवायचो आणि मेघना ते परत सरळ करायची.

मधे रबरी पट्टाही येऊन गेला. पाइपला बांधून त्यात गुडघा अडकवायचा, पट्टा वर खेचतो. पण पट्टा सगळ्यात ताणलेला असतो तळाशी, म्हणजे मदत तिथे भरपूर. वर हनुवटी अडते तिथे तो सैल, नुसता साक्षीदार. त्यापेक्षा मी पाय धरलेले बरे, असं ठरलं. सई माझ्या तळहातांवर पाय रोवून सरळ उभी राहायची आणि म्हणायची, "बघ, झाला."

हे सगळं चालू असताना आई भाजी निवडत बघत होती. एकदा ती उठली. "अगं, तू वर बघतेस म्हणून अडतेस," म्हणाली. "आम्ही देवरुखला विहिरीवर पोहरा ओढायचो ना, तो काय वर बघून? कोपरं अशी खाली घ्यायची, बरगड्यांशी. पाणी आपोआप वर येतं." तिने हवेतल्या हवेत दोन पोहरे ओढून दाखवले. सईने पाइप धरला, मान सरळ ठेवली आणि कोपरं खाली घेतली. अर्ध्यापर्यंत वर गेली. सचिनचा बीम, मेघनाचं वेळापत्रक आणि माझी कंबर, तिघांनी मिळून एवढी उंची आजवर गाठली नव्हती. आई पुन्हा गवारीकडे वळली. "रोजच्या दोन घागरी भरायच्या, दोन हंडे," एवढंच म्हणाली, "कुणी टाळ्या नाही वाजवल्या."

मग अर्ध्याचं पाऊण झालं आणि घरात कायद्याचे प्रश्न सुरू झाले. हनुवटी पाइपच्या वर गेली पाहिजे, की पाइपला लागली तरी चालेल? मान मागे टाकून हनुवटी पुढे काढली तर? तळव्यांची दिशा आपल्याकडे असली तर दंडाची बेटकुळी जास्त मदत करते, काम सोपं होतं. मेघनाच्या मते तो चिन-अप, वेगळी नोंद. आईच्या मते वर गेली म्हणजे गेली, बाकीचं तुमच्या ऑफिसात बघा. मी पायाखालून बघायचो, त्यामुळे माझी साक्ष कुणी धरली नाही.

आणि परवा सई बागेतून धावत आली. झाला म्हणाली. पूर्ण. तळवे बाहेर, पाय न झाडता. साक्षीदार एकच, अद्वैत. तोही मागोमाग दारात आला आणि म्हणाला, झाला तसा, पण मान थोडी ताणली. यावर एक लहान दंगल झाली. मी पॅसेजमधले टॉवेल काढले, मेघनाने फोनचा कॅमेरा काढला, आई कुकर गॅसवरून उतरवून आली.

"चल, करून दाखव," मेघना म्हणाली.

सईने फ्रिजकडे बोट केलं. "आज बुधवार आहे," ती म्हणाली, आणि टॉवेल परत जागच्या जागी लावून अद्वैतबरोबर सायकल घेऊन खाली गेली.