उशिरा मिळालेली दृष्टी आणि मेंदूची लवचिकता
मेंदूशास्त्रज्ञ ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा शिवून केलेल्या प्रयोगांच्या आधारे, बालपणातील ठरावीक काळ उलटला की व्हिज्युअल कॉर्टेक्स (मेंदूचा दृष्टी हाताळणारा भाग) बदलत नाही, असे मी वाचलेल्या एका लेखात म्हटले आहे. ते मला अपुरे वाटते. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील संशोधक पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'ने भारतातील जन्मांध मुलांवर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेने उपचार करून वेगळेच दाखवले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 8 ते 17 वर्षांच्या मुलांना, हाताने चाचपलेला ठोकळा शस्त्रक्रियेनंतर लगेच नजरेने ओळखता आला नाही, पण काही दिवसांतच ते जमू लागले. एकमेकांवर आलेले आकार अशा मुलांना आधी गोंधळात टाकत, मात्र त्यांतला एक हलू लागताच तो वेगळा दिसे (हा तपशील मला फार मोलाचा वाटतो). नजरेची तीक्ष्णता पूर्णपणे येत नाही, हे खरेच. तरीही केवळ वयाकडे बोट दाखवून शस्त्रक्रिया नाकारणे योग्य नव्हे.