थकवा मुलांमुळे येत नाही

‘हुशार मुलं आपली आपण शिकतात, शिक्षकाला ताण येतो तो मागे पडणाऱ्यांचा’ हे शिक्षकांच्या थकव्यावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. मी नाशिकरोडला आठवीला गणित शिकवते. देवळालीच्या शाळेत शिकवून गेलेल्या गणितज्ञ कापरेकर मास्तरांचा ६१७४ फळ्यावर करून दाखवला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या (सगळे अंक सारखे नकोत), तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा; असं करत गेलं की शेवटी ६१७४च येतो. तर एक मुलगा म्हणाला, “बाई, तीन अंकांना ४९५ येतं, मग पाच अंकांना एकच संख्या का नाही येत?” मला उत्तर येईना. रात्री अकरापर्यंत वही घेऊन बसले होते. खरं सांगते, कित्येक वर्षांत इतकं छान वाटलं नव्हतं.

थकले ते नंतर. त्या प्रश्नावर एक तास घालवला म्हणून ‘पोर्शन मागे का?’ याचा लेखी खुलासा द्यावा लागला. आठवड्यातला एक तास तरी आमच्यावर सोपवा हो.